बेगमी आणि साठेबाजी : पेवाच्या बाहेरून पाहताना

मी समाजशास्त्र शिकवते. 'आपत्ती आणि समाज' हा घटक शिकवत असताना एका विद्यार्थ्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतल्या एका गृहस्थाने घराखाली तळघर खणले आहे. त्यात डबाबंद अन्न, पाण्याच्या टाक्या, औषधे, जनित्र, बंदुका आणि पंचवीस वर्षे टिकेल असे पाकीटबंद धान्य भरले आहे. जग बुडाले तरी आपले कुटुंब तगले पाहिजे, एवढ्यासाठी ही सारी तयारी. वर्ग हसला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मॅडम, त्याला शेजारी न्हाईत का?"

संध्याकाळी मी ती चित्रफीत घरी दाखवली. आई म्हणाली, "येवढं घरात असल्यावर मग संकट कशाचं?" आजीने ऐंशी ओलांडली आहे. ती हसली नाही. तिने बंदुका नीट पाहिल्या आणि म्हणाली, "ह्या धान्य राखायलाच ना? मग ह्ये पाटलाच्या पेवावानीच झालं की."

साठा करणाऱ्या माणसाकडे सामान्य घर कसे पाहते, याचा मला तिथे धागा सापडला. आपल्या साहित्याने भुकेविषयी पुष्कळ लिहिले आहे. साठ्याविषयी आपण फारसे बोललो नाही. आपल्या घरांत साठा नव्हता म्हणून तो आपला विषय नाही, असे आपण गृहीत धरले असावे. माझे म्हणणे वेगळे आहे. ज्याच्या घरात साठा नव्हता त्यानेच साठा ही वस्तू बाहेरून, दाराशी उभे राहून, सर्वांत जवळून पाहिली आहे.

प्रथम परदेशाचा विषय थोडक्यात संपवते. अमेरिकेत अशा माणसांना प्रेपर म्हणतात. अणुयुद्धाच्या आणि १९७३ च्या तेलटंचाईच्या भीतीतून हा विचार तिथे फोफावला. कॅन्सास राज्यात जुन्या क्षेपणास्त्रांच्या भूमिगत कोठारात आता श्रीमंतांसाठी सदनिका केल्या आहेत. युरोपात याच भीतीला सरकारी रूप आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९६० च्या दशकापासून कायद्याने भूमिगत आश्रयस्थाने बांधली गेली. आज तिथे लोकसंख्येपेक्षा अधिक जागा आहेत. जर्मन सरकारने २०१६ साली नागरिकांना दहा दिवसांचे अन्न घरात ठेवायला सांगितले. स्वीडनने २०१८ साली संकटात काय करावे याची पुस्तिका घरोघर पाठवली. एकट्याने तळघर भरणे आणि सरकारने सर्वांसाठी आश्रय बांधणे यांत फरक आहे, आणि तो पुढे कामाला येणार आहे.

मराठीत साठ्याला दोन शब्द आहेत. पावसाळ्यापूर्वी घरात जे भरून ठेवायचे ती बेगमी. व्यापाऱ्याने भाव चढावा म्हणून दाबून ठेवायचे ती साठेबाजी. पहिल्या शब्दात गृहिणीचे कौतुक आहे, दुसऱ्यात गुन्हा. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यानेही हा गुन्हा मानला. २०२० साली ही साठामर्यादा सैल करण्याचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये शेतकऱ्यांच्या आंदोलनानंतर तो मागे घ्यावा लागला. पण गावगाड्यातली मोठी कोठारे या दोन शब्दांच्या मधोमध उभी होती. आत राहणाऱ्याला ती बेगमी वाटे आणि बाहेर उभ्या असलेल्याला साठेबाजी.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ज्वारी साठवण्याच्या जुन्या रीती दोन, पेव आणि बळद. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड अरुंद, पोट रुंद. आत तळाला आणि कडेने काड, कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड दगड-मातीने बंद करायचे. आत हवा जात नाही, किडा जगत नाही, धान्य काही वर्षे राहते. बळद म्हणजे वाड्याच्या भिंतीत किंवा जमिनीखाली केलेले अंधारे कोठार. साध्या शेतकऱ्याची कणगी असे. तट्ट्याची, शेणामातीने लिंपलेली. आमच्या घरात गाडग्यांची उतरंड होती. वरच्या गाडग्यात मीठ, खालच्यात असले तर पीठ.

बंद पेवातले धान्यही श्वास घेते. आतला प्राणवायू संपतो आणि कर्बवायू साचतो. म्हणून पेव उघडले की लगेच उतरायचे नसते. दिवा सोडायचा, विझला तर थांबायचे. आजी सांगते, "दिवा इझला तरी घाई असली की मानूस उतरवायचे. आन् मानूस आमचाच." गुदमरून माणसे गेल्याच्या कथा तिने लहानपणी ऐकलेल्या. वर काढलेल्या ज्वारीला आंबूस वास यायचा, दाणा पिवळा पडलेला असायचा. ती घरात कोणी खात नसे. मजुरीत हीच ज्वारी मिळे. मराठीत एखादी गोष्ट उदंड झाली की तिचे 'पेव फुटले' म्हणतात. हा वाक्प्रचार पेवाच्या मालकाने केलेला दिसतो. पेवात उतरणाऱ्याला त्यात उदंड काय ते कळले नसते.

पेव उघडण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्या शेजारची आहे, मंगळवेढ्याची. दामाजीपंत हा बिदरच्या बादशहाचा अधिकारी. दुष्काळात त्याने सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली. त्याला बिदरला बोलावले गेले. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, अशी आख्यायिका. कीर्तनांतून पंतांचे औदार्य आणि देवाची कृपा सांगितली जाते. देवाला महाराचेच रूप का घ्यावे लागले, याचे उत्तर गावगाड्यात आहे. वसूल सरकारी खजिन्यात पोचवणे हे महाराचे काम होते. रक्कम डोक्यावरून नेण्याइतका विश्वास त्याच्यावर होता. कोठाराची किल्ली मात्र त्याच्याकडे कधीच नव्हती. आख्यायिकेचा इतिहास करण्याचा माझा हेतू नाही. कथा रचणाऱ्यालाही ही व्यवस्था इतकी अंगवळणी पडली होती की देवालासुद्धा त्याने पाळी चुकू दिली नाही, एवढेच मला दिसते.

या व्यवस्थेत आपल्या लोकांना साठा करता येणेच शक्य नव्हते. खळ्यावर बलुते मिळे ते सुगीपुरते. एरवी येसकराची पाळी, दारोदारची भाकरी. शिळी भाकरी किती दिवस साठवणार? ज्याला रोज दुसऱ्याच्या दारी उभे राहायचे आहे त्याच्या घरात वर्षाचे धान्य असणे गावालाही चालले नसते. मग पाळीला कोण आले असते? भूक हीच त्या चाकरीची हमी होती. फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. या परिषदेकडे हक्क-मानपानाच्या अंगाने पाहिले जाते ते योग्यच आहे. पण वतनाचा प्रश्न हा घरात उद्याचे दाणे असण्या-नसण्याचाही प्रश्न होता, याकडे विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे.

असे असूनही आपल्या वस्त्यांत साठ्याची एक वस्तू होती. तिचे नाव घेताना आजही जीभ अडखळते. मेलेल्या जनावराच्या मांसाच्या लांब पट्ट्या काढून, दोरीवर वाळवून त्या गाडग्यात ठेवीत. चान्या. पावसाच्या झडीत काम नसे तेव्हा त्यांवर घर तगे. आपत्तीसाठी घरात अन्न ठेवावे, असे आजची पत्रके सांगतात. ते आपल्या आज्यांनी याच एका रीतीने केले होते, कारण दुसरी रीत त्यांना खुली नव्हती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हणून सांगितले. हळूहळू एकेका वस्तीने ते सोडले. हा त्याग आपण स्वाभिमानाचा म्हणून सांगतो, आणि तो तसाच आहे. मला त्याची दुसरी बाजूही मोजावीशी वाटते. घरातला एकमेव साठा त्या माणसांनी स्वतःच्या हाताने बाहेर फेकला. त्याच्या जागी ठेवायला त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते.

त्याची परीक्षा १९७२ साली झाली. त्या दुष्काळात चाऱ्यावाचून जनावरे पटापट मेली. आजी तेव्हा ऐन तिशीच्या आत. ती सांगते, वस्तीच्या कडेला ढोर पडलेले असे आणि घरात चूल नसे. "आमी हात लावला न्हाई. दीक्षा घेतलेली." सगळ्याच वस्त्यांनी हात लावला नाही असे मी म्हणणार नाही, आजीही म्हणत नाही. भुकेल्या माणसाच्या निर्धाराचा हिशेब पोटभर जेवलेल्याने मागू नये.

त्या वर्षी तिला जगवले ते रस्त्यावरच्या खडीने. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. कामावर सुकडी मिळे, रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो. मिलोची भाकरी चिरटे आणि घशाखाली उतरत नाही. तिकडे ती जनावरांना घालतात, असे लोक म्हणत. पण ती दारोदार मागावी लागत नव्हती. आजीच्या लेखी हा फरक फार मोठा आहे. "मिलो वाईट हुता, पर रांगेत मिळायचा," असे ती म्हणते. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. २००५ साली देशाचा कायदा झाला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवले की दुष्काळात माणसे मरतात ती धान्य नसते म्हणूनच असे नाही. धान्यावर त्यांचा हक्क पोचत नाही म्हणूनही मरतात. आजीने सेन वाचलेले नाहीत. पेव भरलेले असताना वस्ती उपाशी असते, हे तिला ग्रंथाशिवाय ठाऊक होते.

धान्य सांभाळणाऱ्या भिंतींचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. माणसे दमून घरात झोपली होती. लातूर आणि आमच्या जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. आमच्याकडे तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावे कोसळली. माणसे मारली ती भूकंपापेक्षा घरांनी. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि वर मातीच्या जाड थराचे माळवद. चोर-दरोडेखोरांपासून, उन्हापासून, उंदरांपासून धान्य आणि माणूस राखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या केलेली ही तयारी होती. तीच अंगावर आली. ज्यांची घरे कुडाची, छपराची, पत्र्याची होती त्यांच्यात माणसे तुलनेने कमी दगावली. यात समाधान मानण्यासारखे काही नाही. ज्यांच्या शेतात आपण राबलो ती माणसे होती, आणि दगडी घरांत आपलीही होती.

त्यानंतर पुनर्वसन झाले. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे देताना माप लावले गेले ते जमिनीचे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्याला ४००, त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. घरात माणसे किती, हा प्रश्न नव्हता. भूकंपाने एका रात्रीत जे सपाट केले ते कागदावर पुन्हा तीन पायऱ्यांत उभे राहिले. मी तेव्हा पाच वर्षांची. आमचे गाव पडले नव्हते, तरी कित्येक महिने आम्ही अंगणात झोपलो. घर म्हणजे सुरक्षितता ही कल्पना माझ्या पिढीच्या मनातून तेव्हाच थोडी हलली.

आता माझ्याच घराविषयी. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली. मी पगारदार. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दुकानदाराकडून दोन पोती गहू, तांदूळ, डाळ, तेलाचे डबे आणले. आमच्या घराण्यात एवढे धान्य एका वेळी प्रथमच येत होते, आणि खरे सांगायचे तर मला आनंद झाला. आईने पोती आतल्या खोलीत ठेवून वर वाकळ टाकली. मला वाटले, उंदरांसाठी. दोन दिवसांनी ती म्हणाली, "आता दार लावून जेवायचं का?" आमच्या गल्लीतल्या तीन घरांची कर्ती माणसे पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेली. कारखाने थंडावले आणि राज्यभरात लाखाहून अधिक तोडकामगार फडावर अडकले. त्यांना परत आणण्याचा निर्णय व्हायला एप्रिलचा मध्य उजाडला. त्या घरांत म्हातारी आणि पोरे. आईने पायली काढली आणि एक पोते महिन्याभरात संपवले. मी हिशेब करीत होते, हे मी लपवणार नाही. आपल्याला तीन महिने पुरेल का, याचा. शिकलेल्या माणसाला भविष्याची भीती अधिक वाटते. त्याच्यापाशी गमावण्याजोगे काहीतरी आलेले असते.

आई मूर्ख किंवा संत नव्हती. ती तिच्या रीतीने साठाच करत होती, फक्त शेजाऱ्यांच्या घरात. १९९३ ला अंगणात झोपलो तेव्हा कोणी पाणी दिले, कोणाची शेळी विकून कोणाचा दवाखाना झाला, हे सगळे तिला तोंडपाठ आहे. चित्रफितीतल्या गृहस्थाला शेजारी नाहीत का, हा त्या मुलीचा प्रश्न याच हिशेबातून आला होता. मात्र या शेजारधर्माचे गोडवे मी अमर्याद गाणार नाही. सगळी वस्तीच कोरडी असते तेव्हा शेजारी तरी कोठून देणार? आणि पाण्याच्या बाबतीत हा धर्म वस्तीच्या सीमेवर थांबतो. १९२७ ला चवदार तळ्यावर जो प्रश्न होता तो टँकरच्या नळीभोवती वेगळ्या रूपात उभा राहतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या उन्हाळ्यात आमच्याकडेही ज्याच्या दारात बोअर आणि टाकी तो तयारीचा माणूस ठरला आणि ज्याच्याकडे दोन घागरी तो आळशी. 'घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा' ही म्हण अशा वेळी कोणाकडे बोट दाखवून वापरली जाते ते पाहावे.

ऊसतोडीचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. तोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेते आणि त्यावर पावसाळा काढते. साठा म्हणजे काल केलेल्या श्रमाचे धान्य आज जपणे. उचल म्हणजे उद्याचे श्रम आजच खाणे. पेवात बहुधा दुसऱ्याच्या कालच्या श्रमाचा दाणा असे. उचलीत स्वतःचा उद्याचा घाम गहाण असतो. 'बचत करा, साठवून ठेवा' हा उपदेश उचलीवर जगणाऱ्या घराला करणे म्हणजे त्याचा काळच उलटा वाहतो आहे हे न पाहणे होय.

मग आपल्या घरांत संकटासाठी काहीच तयार नसते काय? असते. शेळी असते. राखेत कालवून मडक्यात ठेवलेले भोपळ्या-दोडक्याचे बी असते. भुकेतही ते खायचे नाही असा दंडक. आणि अलीकडच्या पिढ्यांत एक वस्तू नवी आली आहे, कागदांची पिशवी. शिधापत्रिका, आधार, जातीचा दाखला, जात पडताळणीचे प्रमाणपत्र, पोरांच्या गुणपत्रिका. आमच्या घरी ती दाराजवळ खुंटीला असते. माझ्या पदवीचा कागद त्यात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात नद्यांनी काठ सोडले, माणसांना हेलिकॉप्टरने आणि बोटींनी काढावे लागले. तिकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरात पाणी शिरले तेव्हा तिच्या आईने धान्याच्या कोठीकडे पाहिले नाही. पिशवी डोक्यावर बांधली. गहू भिजला, कोंब आले, फेकावा लागला. कागद राहिले म्हणून पुढे रेशन राहिले.

कारण आज आपले पेव रेशनचे आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून ते मोफत मिळते. त्याच वेळी उलट दिशेलाही एक पाऊल पडले. आमच्यासह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना २०१५ पासून स्वस्त धान्य मिळत होते. २०२३ मध्ये त्याऐवजी माणशी दरमहा दीडशे रुपये देण्याचे ठरले. पैसा हवा तसा खर्चता येतो हे खरे. पण भाव चढला की तोच पैसा कमी दाणे आणतो, आणि संकटात भाव चढतोच.

या पावसाळ्यानंतर आमच्या विद्यार्थ्यांनी एका गावात आपत्तीच्या तयारीचे पत्रक वाटले. तीन दिवसांचे कोरडे अन्न, पाणी, बॅटरी, कागद जवळ ठेवा, असा नेहमीचा मजकूर. वस्तीतल्या बायकांनी ते वाचून घेतले आणि विचारले, हे घरोघर कशाला, उंचावर समाजमंदिर आहे, तिथे सगळ्यांचे मिळून का नको? प्रत्येक घराने सुगीला पायलीभर ज्वारी द्यायची, ज्याच्याकडे नाही त्याने एक दिवस काम द्यायचे, असे ठरत आले. गावातल्या दोन शेतकऱ्यांनीही धान्य देऊ केले. मात्र कोठी ग्रामपंचायतीच्या खोलीत असावी असे त्यांचे म्हणणे. बायकांना ती समाजमंदिरात हवी आहे. किल्ली कोणाकडे राहील, यासाठी येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे.